पायरीवरचे दोन कॉम्प्युटर

शुक्रवार पेठेतल्या आमच्या शेजारच्या काकू घरी बसून एका कारखान्यासाठी चादरींची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढतात. कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचं उत्तर एकच असतं, "बघून घेऊ की." माझा कॉलेजचा प्रोजेक्ट त्यांच्याच कॉम्प्युटरवर झाला. यंदा मे महिन्यात तो कॉम्प्युटर बंद पडला, कारखान्याचं काम अडलं, म्हणून मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो.

दुकानदाराने स्वस्तातले, वेगवेगळ्या प्रोसेसरचे दोन कॉम्प्युटर एसीत लावून दोन्हींवर काकूंचं डिझाइन उघडलं. त्यातला जो थोडा महाग होता, त्यावर ते आधी उघडलं.

"आता दोन्ही भायेर पायरीवर मांडा," काकू म्हणाल्या. "माझ्या खोलीवर पत्रा हाय."

"काकू, हे कॉम्प्युटर हायत, पापड न्हाईत," दुकानदार म्हणाला.

काकू जागच्या हलल्या नाहीत. शेवटी त्याने वायर ओढून दोन्ही बाहेर मांडले. झळा लागत होत्या. पदराने घाम पुसत काकू डिझाइनमागून डिझाइन उघडत राहिल्या. दोन्ही कॉम्प्युटर मंदावले, पण महागडाच पुढे राहिला.

"मी आत हेच सांगत हुतो की," दुकानदार म्हणाला.

"तुमी गारव्यात बसून सांगत हुता," काकू म्हणाल्या, आणि महागडा रिक्षात ठेवायला मला खूण केली.