मावशीच्या गाडीचं दार

माझी मावशी लोकांना गाडी चालवायला शिकवते, आणि शितावरून भाताची परीक्षा हा तिचा जोडधंदा आहे. नवा माणूस गाडीत बसून दार कसं लावतो, एवढ्यावर ती त्याचा अख्खा स्वभाव सांगते. हळूच ओढणारा भित्रा, आपटणारा तापट, लावून पुन्हा ढकलून बघणारा संशयी. काकांनाही तिने असंच पारखून घेतलं म्हणे, आणि संसार तर दृष्ट लागण्यासारखा झाला. त्यामुळे तिला बोलायची सोय नाही. माझ्या नवऱ्याला ती अजून ‘अर्धवट लावणारा’ म्हणते. तो बिचारा ऐकून घेतो, कारण ते खरंच आहे.

तिच्या लेकीने, माझ्या मावसबहिणीने, लग्न ठरवलं तेव्हा ती आधी माझ्याकडे आली. मुलगा छापखान्यात कामाला, मितभाषी. “आई नाही म्हणणार नाही गं,” ती मला म्हणाली, “पण तिला मनापासून आवडला नाही, तर माझा जीव लागणार नाही कशात.”

मावशी स्वतः त्याला घ्यायला गेली. आम्ही दोघी मागच्या सीटवर. तो पुढे बसला आणि त्याने दार असं आपटलं की काच थरथरली.

“दाराशी काय वैर आहे का तुमचं?” मावशी म्हणाली.

“चुकलं माझं. जोर जास्त लागला.”

घरी आल्यावर मावशीने स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं आणि मला म्हणाली, “तापट आहे. माझी पोर सुखात राहायची नाही.”

बहीण दारातच उभी होती. “आई, मीच सांगितलं होतं त्याला! तुझ्या गाडीचं दार आपटल्याशिवाय लागत नाही म्हणून.”

“अगं, ते दुरुस्त करून घेतलं मी परवाच!”

“मला कुठे बोललीस?”

मला हसू आवरेना. मावशी मात्र गॅस तसाच सोडून बाहेर गेली. “काय रे, मगाशी मी टोमणा मारला, तेव्हा हिने सांगितलं होतं असं का नाही बोललास?”

तो गोंधळला. “तिला कशाला मध्ये ओढायचं? आपटलं तर मीच होतं.”

मावशी लेकीकडे वळून म्हणाली, “याच्याशी भांडताना जरा बेताने गं. हा सगळं स्वतःच्या अंगावर घेईल, आणि तू खुशाल घेऊ देशील.”

बहीण हसता हसता रडायलाच लागली.