ड्रायव्हरच्या शेजारची जागा

म्हसवडच्या एसटी स्टँडमागं केरबाचं पत्र्याचं दुकान आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम. ट्रॅक्टरचे दिवे, उसाच्या ट्रकांचे हॉर्न, जीपचे स्टार्टर. उभा जन्म त्यानं डॅशबोर्डखाली उताणं पडून काढला. आता काम कमी झालं, तरी दुकान उघडायचं तो चुकत नाही. बायको अंबूबाई वारल्यापासून घरात थांबावं असं काही उरलं नव्हतं. पोरबाळ नव्हतंच.

सणासारखी एकच गोष्ट त्याच्याकडं राहिली होती. आप्पाच्या गाडीत पुढं बसणं.

आप्पासाहेब त्याचा शाळेतला सोबती. केरबा त्याला आप्पाच म्हणायचा. आप्पा फौजेत गेला, सुभेदार होऊन परत आला आणि त्यानं एक जुनी पांढरी गाडी घेतली. लडाखपासून नागालँडपर्यंत हिंडून आलेला माणूस, पण गावाची वेस ओलांडली की रस्ता चुकायचा. एकदा आटपाडीच्या लग्नाला निघाला, तो माळशिरसला पोचला आणि दुसऱ्याच कुणाच्या लग्नात जेवून आला. तेव्हापासून केरबा शेजारी बसू लागला. बंद पडलेल्या ट्रकांपायी त्यानं सातारा-सांगलीचा एकूण एक फाटा पायाखाली घातला होता. आप्पाची बायको लक्ष्मीबाई हिला गाडी लागायची, त्यामुळं ती जागा मोकळीच असे.

लग्न, बारसं, मयत, सांगलीला बहिणीकडची फेरी. निघायचं ठरलं की आप्पा आदल्या दिवशी दुकानापुढं येऊन हॉर्न द्यायचा. मग केरबा भुईमुगाच्या शेंगा भाजून फडक्यात बांधून ठेवायचा. वाटेत तो शेंगा सोलायचा आणि आप्पाच्या डाव्या तळहातावर दाणे ठेवायचा. आप्पा रस्त्यावरची नजर न काढता हात पुढं करायचा. बोलणं बेताचंच.

"म्होरं डावीकडं."

"व्हय."

"दमानं. ब्रेकर हाय."

"दिसला रं. फौजेत गाडीत बसलोय मी."

"बसलायस. चालवली कुठं?"

एवढ्यावर आटपाडी यायची.

गेल्या दिवाळीनंतर आप्पा एक खोकं काखेत घेऊन दुकानात आला. "आमच्या पोरानं, कुणालनं धाडलंय पुण्यावनं. रस्ता सांगणारा स्क्रीन हाय. तू बसव. दुसऱ्याच्या हातात गाडी देणार न्हाई मी."

केरबानं खोकं उघडलं. असले स्क्रीन त्यानं याआधी बसवले होते. वायरी मोजून बघितल्या, सगळं होतं.

"आता तुला तरास न्हाई, गड्या," आप्पा म्हणाला. "कुणाल म्हनला, काकांना उठसूट कशाला वढताय, त्यांचा धंदा बुडतो. माज्या ध्यानातच न्हवतं. तूबी कवा बोलला न्हाईस."

केरबा फडक्यानं पाना पुसत राहिला. कसला धंदा आणि कसलं बुडणं. तो सांगलीला जायचा त्या दिवशी दुकान बंद असायचं, हेसुद्धा कुणाच्या लक्षात येत नसे. हे सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

"व्हय," तो म्हणाला. "बुडतो थोडाफार."

दुसऱ्या दिवशी आप्पाच्या अंगणात लिंबाच्या सावलीला गाडी उभी करून त्यानं काम धरलं. आधी बॅटरीची वायर सोडली. मग जुना रेडिओ काढला. त्याच्यामागं कुणीतरी नुसता पीळ देऊन, टेप गुंडाळून जोड मारले होते. उन्हानं टेप वितळून चिकट झाली होती. केरबानं ते सगळे जोड कापून टाकले. दुसऱ्याच्या आळशीपणावर आपलं काम उभं करू नये.

स्क्रीनची पिवळी वायर थेट बॅटरीची. तिच्यामुळं त्याच्या पोटातलं सगळं ध्यानात राहतं. लाल वायर चावीची. चावी बंद केली की स्क्रीन बंद. घाईची माणसं दोन्ही वायरी एकाच जागी जोडतात आणि काही दिवसांनी बसलेली बॅटरी घेऊन गाडी ढकलत येतात. केरबानं टेस्ट लँप लावून चावी फिरवली, बंद केली, परत फिरवली. खात्री पटल्यावर जोड मारले. प्रत्येक जोडाला कथलाचा डाख दिला, वर स्लीव्ह चढवली.

सगळ्यात वेळ माईकनं खाल्ला. फोनवर बोलायचा माईक लोक डॅशबोर्डवर लोंबता ठेवतात, मग आवाज विहिरीतनं आल्यासारखा येतो. केरबानं दाराच्या खांबावरचं आवरण सोडवलं, आतनं वायर ओढली आणि माईक वर, आप्पाच्या तोंडासमोर बसवला. बाहेरून वायरीचा केससुद्धा दिसत नव्हता.

लक्ष्मीबाई चहा घेऊन आली. "भावजी, आता ह्यांना बाई रस्ता सांगणार म्हणं. मी जन्मभर सांगत आले, ते कवा ऐकलं न्हाई."

"तू कवा गोड बोललीस?" आप्पा पेपरमागून म्हणाला.

"वहिनी, मशीनचा आवाज कमी करता येतो. म्हणून ऐकंल तो," केरबा म्हणाला. तिघं हसले.

शेवटी काळी वायर राहिली, अर्थिंगची. डॅशबोर्डखाली उताणं पडून त्यानं पत्र्यावरचा रंग कानशीनं खरवडला, पत्रा लखलखीत केला, वायर ठेवली, नट फिरवला. आणि त्याचा हात थांबला.

अर्धा आटा ढिला ठेवला तर आज स्क्रीन लागेल. दिघंचीच्या रस्त्याचे धक्के खात खात नट सैल होईल आणि एके दिवशी कुठल्यातरी फाट्यावर स्क्रीन काळा पडेल. आप्पा चार शिव्या घालील आणि दुकानापुढं येऊन हॉर्न देईल. नट आपोआप ढिला झाला की कुणी ठेवला, हे ओळखणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता. तो डॅशबोर्डखाली पडलेला होता.

बाहेर आप्पा लक्ष्मीबाईला पेपरातली कसलीतरी बातमी मोठ्यानं वाचून दाखवत होता.

ढिला नट केरबानं आजवर कुणाच्या गाडीत ठेवला नव्हता. सुरुवात आप्पाच्या गाडीपासून करायची? त्यानं पाना चढवला आणि नट आवळला. वायर ओढून बघितली. परत आवळला.

दोघं सिद्धनाथाच्या देवळापर्यंत चक्कर मारून आले. केरबा शेजारी बसला होता. स्क्रीनमधली बाई शुद्ध मराठीत उजवीकडे वळा, डावीकडे वळा म्हणत होती आणि जन्मगावात आप्पा तिचं ऐकून वळत होता.

"बगितलंस? तुज्यापरीस गोड बोलती."

"बोलंल. शेंगा सोलून देती का?"

आप्पा एवढा हसला की गाडी बंद पडली.

त्यानंतर हॉर्न वाजला नाही. आप्पा एका साखरपुड्याला जाऊन आला, विट्याला जाऊन आला, हे केरबाला मागाहून कळायचं. आप्पा दिसला की हात करायचा, रस्ता कसा सापडला ते सांगायचा. केरबा विचारायचा, "स्क्रीन तापत न्हाई न्हवं?" तापत नव्हता.

थंडीत बाजाराच्या दिवशी लक्ष्मीबाई भेटली. बोलता बोलता म्हणाली, "उद्या सांगलीला निघालेत, वन्संकडं."

संध्याकाळी केरबानं शेंगा भाजल्या. सकाळी धुतलेला शर्ट घातला. हे आपण का करतोय, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. दुकान उघडून तो बाकड्यावर बसला.

पांढरी गाडी स्टँडला वळसा घालून आली. आप्पानं हॉर्न दिला, पण तो जाता जाता दिलेला हॉर्न होता. केरबानं हात वर केला. शेजारच्या जागेवर पिशवी होती.

बऱ्याच वेळानं फोन वाजला.

"केरबा, ऐकू येतंय का रं?"

आवाज स्वच्छ होता. मागं इंजिनाची घरघर, इंडिकेटरची टिकटिक. गाडीत बसल्यासारखं सगळं ऐकू येत होतं. माईक चांगला बसला होता.

"बोल."

"तासगावच्या अलीकडच्या फाट्यावर उभा हाय. ही बाई म्हणती डावीकडं. आपुन तर कायम सरळ जातो. काय करू?"

केरबानं डोळे मिटले. फाटा समोर आला. रसवंती, पिंपळाचा पार, डावीकडं गेल्या खेपेला पडलेले खडीचे ढीग. सरळ जा म्हटलं असतं तर आप्पा सरळ गेला असता, सांगलीला पोचलाही असता. वर गावभर सांगत सुटला असता, की मशीनला काय कळतंय, माणूसच पायजे. पुढच्या वेळी दुकानापुढं थांबला असता.

"डावीकडं खडी पडली हुती. रस्ता झाला का? डांबर दिसतंय?"

"काळंभोर हाय."

"मग बाई बरोबर सांगती. तिकडनंच जा. गावातली गर्दी चुकंल."

"नक्की न्हवं?"

"नक्की."

गाडी वळली. टिकटिक थांबली. बाई पुढचं सांगू लागली. आप्पा फोन ठेवत नव्हता.

"केरबा."

"काय?"

"शेंगा न्हाईत रं आज."

फडकं केरबाच्या मांडीवरच होतं, गाठ न सोडलेलं.

"रस्त्याकडं बग," तो म्हणाला.