मावशीचं मत

क्लबच्या धुलाईखोलीत मावशीनं उभा जन्म काढला. जर्सी उलटी करूनच धुवायची, म्हणजे पाठीवरचा नंबर उखडत नाही. चिखल आधी वाळू द्यायचा, मग झाडायचा आणि मगच कपडा पाण्यात घालायचा. ओल्या चिखलावर पाणी ओतणाऱ्याला ती तोंडावर गाढव म्हणायची, मग तो संघाचा कप्तान का असेना! खेळाडू आले, गाजले, गेले. मावशी आपली मशीनपाशीच. असल्या बाईवर कोणी माहितीपट काढत नाही, आणि तिला तशी हौसही नव्हती.

माहितीपट निघाला तो डावऱ्यावर. डाव्या पायानं गोल मारून ज्यानं जगाला वेड लावलं, तोच. गेल्या वर्षी आजारपणात गेला बिचारा, ऐन उमेदीत. मावशीसाठी मात्र तो बारक्याच. त्याचा खेळ सुरू झाला याच क्लबच्या पोरांच्या संघातून, म्हणून कॅमेरेवाले निवृत्त मावशीला शोधत घरी आले आणि तिच्याशी दुपारभर बोलून गेले.

रविवारी जेवणं उरकून मावशी ठेवणीतले कपडे घालून टीव्हीसमोर बसली, जणू टीव्हीतूनच लोक तिला बघणार होते. शेजारी सून. मावशी पडद्यावर आली, "सॉक्स फार मळवायचा," एवढं म्हणाली आणि गेली. झालं! दुपारभराच्या गप्पांचा एवढाच चोथा उरला. सुनेला हसू आवरेना. मावशीही हसली.

मग डावरा आला. आजारी पडण्याआधीची मुलाखत होती. "आई गेल्यावर वडिलांनी दुसरा संसार थाटला. मला घर उरलं नाही. कुठं कुठं झोपलो, ते राहू द्या," असं म्हणून तो जरा हसला, आणि मग म्हणाला, "कुणी नव्हतं मला. कुणीच नाही."

आता खरं काय ते सांगतो. बारक्या कुठं झोपायचा? धुलाईखोलीत! कपडे वाळवायच्या मोठ्या मशीनमागं ऊब असते, तिथं टॉवेलांच्या ढिगात. मावशीला तो एका सकाळी सापडला, मांजराच्या पिल्लासारखा अंग चोरून. आधी दचकली, मग चिडली, मग डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला. "काकाकडं राहतो," असं त्यानं सगळ्यांना ठोकून दिलं होतं. काका कुठला नि काय कुठला! पोरं आपल्याला बेवारशी म्हणतील, याची त्याला उपाशी राहण्यापेक्षा जास्त धास्ती. "मावशी, कुणाला सांगू नको. माझी शपथ घे," म्हणाला. तिनं घेतली. पहिली थंडी गेली, दुसरी गेली. संध्याकाळी निघताना ती मागच्या दाराची कडी मुद्दाम सैल ठेवायची आणि रोज दुसरा डबा आणायची. नवऱ्याला सांगितलं, भूक वाढलीय. नवरा म्हणाला, दिसतंय तर नाही अंगावर. पुढं बारक्याला मोठ्या क्लबानं नेलं. तो परत आला नाही, निरोप नाही, काही नाही. तिनं त्याचा राग कधी धरला नाही. वाट तेवढी पाहिली.

कॅमेरेवाल्यांनी खोदून खोदून विचारलं होतं, तरी मावशी बधली नाही. शपथ ती शपथ. सांगायचंच असेल तर तो स्वतः सांगून गेला असेल, असं तिनं धरलं होतं. आणि तो सांगून गेला होता, कुणी नव्हतं म्हणून. विसरला? की त्यानंही मावशीसारखंच तोंडाला कुलूप घातलं? "ते राहू द्या" म्हणताना तो हसला, ते कुणाला आठवून? आता विचारायचं कोणाला? माणूसच राहिला नाही.

"आई, लोकांची मतं वाचू?" सुनेनं मोबाइल काढला. प्रेक्षकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! रडून उशी भिजली, इथपासून संगीत कर्कश आहे, इथपर्यंत ढीगभर मतं. मग एकानं लिहिलेलं आलं, "भरल्या गावात एका माणसाला या पोराची दया आली नाही? लाज वाटायला हवी." त्याला हजारो लोकांनी मान डोलावली होती. खाली कुणीतरी जोडलं होतं, "आणि त्या धुणं धुणाऱ्या बाईला काय, तर सॉक्स आठवतात!"

सुनेनं वाचणं थांबवून मावशीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आई, राग मानू नका. पण तुम्ही तर रोज तिथंच होतात ना? तुम्हाला कसं नाही हो कळलं?"

मावशीच्या ओठांवर आलं होतं सगळं. सुनेच्या नजरेतून उतरायचं म्हणजे काय, हे एका घरात राहणाऱ्या सासूला सांगायला नको. एक वाक्य पुरे होतं. पण ते वाक्य बोललं की बारक्या खोटा पडला. साऱ्या जगासमोर नसेल, या खोलीत तरी पडला. गेलेल्या लेकराला खोटं पाडायचं, आणि कशासाठी, तर आपण चांगलं ठरावं म्हणून? तिचा जीव धजेना.

"नाही गं कळलं," ती म्हणाली. मग मोबाइलकडं बोट दाखवून, "मला त्यात लिहिता येतं का? लिही. मी त्याच क्लबात कपडे धुवायचे. पोरगं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला दिसलं नाही. चुकलं माझं."

"अहो आई, असं नका लिहू! फाडून खातील लोक."

"लिही म्हणते ना!"

सुनेनं लिहिलं. उत्तरं यायला वेळ लागला नाही. 'आता जाग आली का, म्हातारे?' दुसऱ्यानं लिहिलं, 'तुमच्यासारख्यांमुळेच तो पोरका राहिला.' तिसऱ्याची भाषा सुनेला वाचवेना. तिनं मोबाइल पालथा घातला.

"का थांबलीस? वाच," मावशी म्हणाली.

"नको आई. फार वाईट बोलतायत तुम्हाला."

"बोलू देत गं. वाच तू." मावशीचे डोळे घळाघळा वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. "बघ ना, किती जणांचा जीव आहे माझ्या बारक्यावर."