समुद्रतळावर शिंपडलेलं पाणी

तुम्ही हात लावलेल्या वस्तूवर कोणी तुमच्यादेखत पाणी शिंपडलंय कधी?

माझ्या चाळणीवर शिंपडलं. भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत. भरदिवसा. पीएचडी झालेल्या माणसाने.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या विभागात अवजारांची पूजा असते. जबलपूर कारखान्यांचं शहर. यंत्राला हार घालायची इथे सगळ्यांनाच सवय. लांब टेबलावर लाल कापड, त्यावर हातोडे, होकायंत्रं, सूक्ष्मदर्शक. ज्याने त्याने आपलं अवजार आणून ठेवायचं. मी माझी चाळणी ठेवली.

लॅब अटेंडंट मिश्राजींनी ती दोन बोटांनी उचलली आणि खाली फरशीवर ठेवली. "अरे, ये तो कीचड़ छानने की है."

मी ती उचलून परत टेबलावर ठेवली. "ये भी औज़ार है, मिश्राजी."

सर हसले. माझे गाइड. "रहने दो मिश्राजी. गंदगी साफ करना तो इनका खानदानी काम है. इनकी पूजा तो बनती है."

सगळे हसले. मग सरांनी तांब्या घेतला. ग्वारीघाटावरून आणलेलं नर्मदेचं पाणी, त्यात कुंकू कालवलेलं. आंब्याच्या पानाने माझ्या चाळणीवर शिंपडलं. मग ती ठेवली होती तेवढ्याच कापडावर. हातोड्यांवर नाही. सूक्ष्मदर्शकांवर नाही. जिथे माझा हात लागला होता, तिथेच.

टेबलाच्या त्याच टोकाला माझ्या काचेच्या बशा उघड्या होत्या. ओव्हनमधून काढून निवायला ठेवलेल्या. "पूजेआधी हलवते," म्हटलं तर मिश्राजी म्हणाले होते, "दो मिनट की तो पूजा है, दीदी." त्या बशांत समुद्राच्या तळाचा धुतलेला, वाळवलेला गाळ होता. त्या पांढऱ्या भुकटीत लाल थेंब पडले. छोटे छोटे खळगे झाले.

आम्ही बौद्ध. आजोबा विदर्भातून इथे फॅक्टरीत आले, बाबाही तिथेच लागले. बाबा सुटीच्या दिवशी चळवळीची पत्रकं वाटायचे. त्यांच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. उलटून पुढची बाजू वाचली. मला कोणी गप्प बसायला शिकवलंच नाही.

समुद्राकडे मी का वळले? पहिल्या वर्षी फील्ड कॅम्पला एका गावात गेलो होतो. खडक बघायला. विहिरीपाशी बाईने आधी आडनाव विचारलं, मग पाणी दिलं. वरून, ओंजळीत. बाकीच्यांना पेल्यात. तेव्हा ठरवलं, मला असा खडक पाहिजे ज्याच्याभोवती गाव नाही. मैलभर पाण्याखालची जमीन. तिथे वेस नाही, विहीर नाही, तिथे कोणी आडनाव विचारत नाही.

किती भोळी होते मी.

किनाऱ्यावरची एक मोठी संस्था आमच्या विभागाला समुद्रतळाचा गाळ पाठवायची. तो मी धुवायची. बारीक चाळणीवर, नळाखाली. वर उरायची ती डोळ्यांना दिसतील न दिसतील अशी कवचं. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या जीवांची. लॅबमध्ये त्यांना दाणे म्हणतात; ते वेचून मोजणीला पाठवायचे. त्या कवचांतले धातू मोजले की तेव्हाचा समुद्र किती उबदार होता ते कळतं. कुंकवाचा एक कण पडला तरी ते मोजमाप गेलं. आधीच्या नमुन्यातलं एक कवच मिसळलं तरीही तेच. म्हणून एक नमुना धुतला की चाळणी निळ्या रंगात बुडवायची. आधीचं कवच चिकटून राहिलं असेल तर ते निळं होतं. पुढच्या नमुन्यात निळं दिसलं की समजायचं, हे इथलं नाही. काढून टाकायचं.

माझी बोटं कायम निळी असायची. सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "आज भी झंडा ले के आई है क्या?" मी हसायची. हो, हसायची. कारण जहाज.

त्या संस्थेचं जहाज हिवाळ्यात निघणार होतं. आमच्या विभागाला दोन जागा, मुलींची एक केबिन. धुणारी मी, निवडणारी मी. सर म्हणाले होते, तू आणि अनुश्री. अनुश्री माझ्याच लॅबमधली, माझ्याबरोबरची. मी समुद्र कधी बघितला नव्हता. बाबांनी सदर बाजारातून चाकांची बॅग आणली. गल्लीत सगळ्यांना सांगून आले.

पूजेनंतर प्रसाद वाटताना सरांनी नावं सांगितली. अनुश्री. आणि प्रथम वर्षाची एक मुलगी, जिने तो गाळ अजून हातातही घेतला नव्हता.

नळापाशी अनुश्री माझ्यामागे आली. "यार, बुरा मत मान. मम्मी ने सर को फोन करके बस पूछा था कि केबिन में साथ कौन है."

बस पूछा था.

मी सरांच्या खोलीत गेले. "सर, मेरा नाम?"

"जहाज़ छोटी जगह है, बेटा. महीना भर एक कमरा, एक बाथरूम. मैं नहीं चाहता कि वहाँ तुझे कोई कुछ बोले."

जे सगळं बोलायचं होतं ते यांनीच बोलून टाकलं होतं. आता माझी काळजी करत होते.

"सर, उन डिशेस पे पानी गिरा है. कुंकू भी. सैंपल दूषित हो गए."

त्यांचा आवाज बदलला. "नर्मदा मैया के जल से कोई चीज़ दूषित होती है? ये बात बाहर मत करना. चुपचाप दाने चुन के भेज दे. अगले साल तेरा नाम पक्का."

म्हणजे जागा मिळू शकत होती. फक्त तेवढं गिळायचं. मी विद्यार्थिनी म्हणून तिथे खूप काही गिळलं होतं. हेही जाईल, असं वाटलं. मग त्या बशा आठवल्या. सर माझ्या हाताने बाटलेलं शुद्ध करायला निघाले, आणि जे खरंच शुद्ध होतं ते नासवून बसले. वर मी म्हणायचं, छान झालं.

"नहीं सर. मैं नहीं चुनूँगी."

एवढंच बोलले. 

समुद्रतळात लांब नळी खुपसून गाळ काढतात. तो गाळाचा नळा उभा चिरतात. अर्धा कामाला, अर्धा कोणी हात न लावता जपून ठेवायला. म्हणजे नमुने पुन्हा मिळू शकत होते. मी त्या संस्थेला फोन केला. तिकडच्या माणसाने विचारलं, खराब कसे झाले? मी खरं सांगितलं. तो हसला. "मॅडम, आम्हीपण पहिला नळा समुद्रात सोडायच्या आधी नारळ फोडतो. तुमच्या सरांना मेल करायला सांगा, मग बघू."

सरांनी मेल केला. माझ्याबद्दल. मला प्रोजेक्टमधून काढलं.

कांचघरला, आमच्या मोहल्ल्यात, घरी गेले. आई म्हणाली, "काहून भिंतीकडे पाहून राहिली? जेवून तर घे." बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चाकांची बॅग पलंगाखाली सरकवली. मग म्हणाले, "माफी मागून पाहाची का? मी येतो संग."

फॅक्टरीच्या गेटवर उन्हात उभं राहून पत्रकं वाटणारा माझा बाप. त्या चाळणीवर पाणी पडलं तेव्हा मी रडले नव्हते. आता रडले.

"नाही बाबा. माफी नाही."

 बाबा तो विषय अजूनही काढत नाहीत.

त्याच बशांतून अनुश्रीने कवचं निवडली. निकाल आले. इथेच एका परिसंवादात सरांनी ते पडद्यावर दाखवले. प्राचीन समुद्राचं तापमान. मी मागच्या रांगेतून उठले आणि म्हणाले, हे नमुने पूजेच्या पाण्याने भिजलेले आहेत. "बैठ जाइए मैडम," कोणीतरी म्हणालं. पुढचा प्रश्न आला. टाळ्या झाल्या.

आता मी कोचिंगमध्ये नववीच्या मुलांना भूगोल शिकवते. समुद्रतळाची आकृती फळ्यावर काढते. समुद्र अजून बघितलेला नाही. बहुतेक बघणारही नाही. दुसरा गाइड मिळत नाही, सरांचा फोन सगळीकडे माझ्याआधी पोहोचलेला असतो. न्याय होईल असं मला वाटत नाही. पण तो निकाल जिथे मांडला जाईल तिथे मी उठून उभी राहीन. बसवतील. पुन्हा उठेन.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमची मुलगी उद्या कॅम्पला जाईल, हॉस्टेलला, एखाद्या जहाजावर. खोलीत सोबत कोण, हे विचारायला तुम्ही फोन उचलाल. तो ठेवून द्या. आणि फोन आधीच करून झाला असेल, कोणाचं तरी नाव कापून तुमच्या मुलीची सोय झाली असेल, तर उद्याच जा आणि सगळ्यांसमोर सांगा की ही जागा आम्हाला नको.