दुपारचा दवाखाना

अर्थशास्त्राची पदवी घेऊन मी पुण्याहून कोकणात उतरले, तेव्हा माझ्याबरोबरच्या बहुतेक मुली दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात होत्या. आमच्या प्राध्यापकांनी अलिबागच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका कोळीवाड्याची पाहणी हाती घेतली होती. घरात आजारपण आलं की काय करायचं ते कोण ठरवतं, पैसा कुठे जातो, हे विचारायचं. ते पुरुषांशी बोलत, मी बायकांशी. हिवतापाने घराघरांत माणसं आडवी झालेली, आणि गावात दवाखाना असून तापावरचं कोयनेल घ्यायला कोळणी फिरकत नव्हत्या.

"भगताच्या नादी लागल्यात," प्राध्यापक म्हणाले. "अज्ञान, दुसरं काय!"

मला ते पटेना. होडी किनाऱ्याला लागायच्या आत मासळीचा भाव ठरवणाऱ्या बायका पोराच्या तापापुढेच अडाणी कशा होतील?

एका सकाळी मी ओळखीच्या घरी गेले. घरात सासू-सून होत्या; सुनेचा नवरा समुद्रावर होता. सून मासळीची पाटी भरत होती आणि तिचा लहानगा गोधडीत फणफणत पडला होता.

"याला दवाखान्यात का नेत नाहीस?" मी विचारलं.

"कवा नेऊ, बाय? दवाखाना सकालचा, बाजारबी सकालचाच. दुपारी नासकी मासली कोन घेल?"

"तापच हाय, उतरंल," सासू म्हणाली. पण बोलताना तिने पोराकडे पाहिलं नाही. ती स्वतः वाळत घातलेल्या बोंबलांची कावळ्या-कुत्र्यांपासून राखण करायला निघाली होती. पाटी बाजारात गेली नाही तर चूल पेटणार नव्हती.

"पाटी घेऊन मी बसते," मी म्हणाले. "तू पोराला घेऊन जा."

सासूला हसू आवरेना. "तू? तुला वाटा तरी लावता येतो का?"

"शिकवा."

तिने उंबऱ्यातच मासळीचे छोटे ढीग लावून दाखवले, मोठे मासे वर कसे ठेवायचे ते सांगितलं, आणि बजावलं, "गिऱ्हाइकाच्या पयल्या भावाला कवाच द्यायचं न्हाय."

बाजारात माझ्याभोवती गर्दी जमली. नऊवारी नेसलेली, चष्मा लावलेली पुणेरी बाई मासे विकतेय म्हटल्यावर जमणारच. ज्यांच्या ओसरीवर मी रोज शाकाहारी जेवण जेवत असे, ते कचेरीतले कारकूनही तिथे उगवले आणि जागच्या जागी थिजले.

"तुम्ही? इथे?"

"बोंबील ताजे आहेत," मी म्हणाले. "घ्या."

ते पाठ फिरवून निघून गेले. त्या दिवसापासून त्यांच्याकडचं माझं जेवण बंद झालं. पण पाटी रिकामी झाली. सून पोराला कडेवर घेऊन औषधाची बाटली मिरवत परतली, आणि पुढच्या काही दिवसांत पोर अंगणात धावू लागलं.

मग मी डॉक्टरांना गाठलं. "दवाखाना दुपारी उघडा."

"उन्हात कोण येणार?"

"ज्यांना सकाळी येता येत नाही, त्या."

प्राध्यापकांनी माझी हकिगत शांतपणे ऐकली आणि आपलं मत बदलण्यात कमीपणा मानला नाही. दवाखाना चालवणाऱ्या लोकल बोर्डापुढे ते मला सोबत घेऊन गेले. एक सभासद वैतागून म्हणाले, "कोळणींसाठी सरकारी वेळ बदलायची?"

"हिवताप त्यांच्याच घरी आहे," मी म्हणाले. "दवाखाना मग दुसऱ्या कुणाची वाट बघतोय?"

कुणीतरी हसलं आणि बैठकीतला ताण सैल झाला. पावसाळ्यापर्यंत करून पाहा, असं ठरलं.

पहिल्या दुपारी एकही बाई आली नाही. कंपाउंडर टेबलावर डोकं टेकून झोपला. मी मात्र दाराशी खुर्ची टाकून बसून राहिले. दुसऱ्या दुपारी ती सासूच आली, स्वतःचा जुना खोकला घेऊन, आणि मागे शेजारणींचा घोळका.

"भगताकडं जाऊन आलो," तिने डॉक्टरांना सांगून टाकलं. "आता तुमचंबी बघतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली, आणि त्यांनी नळी तिच्या पाठीला लावली.