चंद्री आणि अतिशयोक्ती

दिवाळीतल्या पाडव्याच्या सकाळी म्हशींच्या रंगवलेल्या शिंगांचा ऑइलपेंटचा वास गल्लीत पसरला, की मी पुन्हा नववीच्या वर्गात उभी असते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मराठीच्या बाई परगावाहून नुकत्याच आलेल्या. अलंकार शिकवताना त्यांनी वडिलांवरच्या माझ्या निबंधातलं वाक्य फळ्यावर लिहिलं : ‘आबांनी मोटरसायकल सुसाट सोडली, की आमची चंद्री म्हैस गर्दीतून त्यांच्यामागे धावत सुटते.’

“ही अतिशयोक्ती,” बाई म्हणाल्या.

मी ताडकन उठले. “न्हाय बाई, खरंच पळती! पाडव्याच्या शर्यतीत समद्या गवळ्यांच्या म्हशी मालकाच्या गाडीमागं पळत्यात की!”

“वाद नको. परीक्षेत अतिशयोक्तीच लिहायचं.”

ज्यांच्या गोठ्यात म्हशी होत्या, त्या पोरीही खाली मान घालून उतरवून घेत होत्या. माझे कान तापले.

सहामाहीच्या पेपरात बाईंनी नेमकं तेच वाक्य घातलं : अलंकार ओळखा. मी जे उत्तर लिहिलं, तो तेव्हा घरच्यांनाही माझा आडमुठेपणा वाटला. आज वाटतं, अख्ख्या पेपरात तेवढं एकच उत्तर माझं स्वतःचं होतं. गेला तर गेला मार्क. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं :

‘हा अलंकार नाही. ही आमची चंद्री आहे.’