सक्त मनाईच्या पाटीखाली

धारूरच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासात लाल अक्षरांची एक पाटी होती. ‘येथे गेम खेळण्यास सक्त मनाई आहे. – संचालक.’ संचालक म्हणजे मीच, अर्जुनराव. २०११ साली नेमकी त्या पाटीखाली बसून वर्षाराणी गेम बनवत होती.

वर्षाराणी ही वैजिनाथअप्पांची मुलगी. अप्पांचं बाजारात इलेक्ट्रिकचं दुकान, लग्नसराईत लायटिंगच्या माळा ते भाड्याने द्यायचे. ती सकाळी माझ्याकडे मुलांना टायपिंग शिकवायची, त्या बदल्यात मी तिला एक मशीन वापरू द्यायचो. पुण्याच्या एका कंपनीने गेममधलं एक भुयार तिला परीक्षा म्हणून बनवायला दिलं होतं. शनिवारपर्यंत जमलं तर धारूरात बसून कायमचं काम. नाही जमलं तर सोमवारपासून दुकानाच्या काउंटरवर, असं अप्पांनी बजावलं होतं. ‘असली कामं धारूरात होत न्हाईत,’ हे मीही तिला रोज ऐकवायचो. माझा स्वभावच तसला.

भुयार मात्र झकास होतं. गावच्या किल्ल्याच्या तटाचे दगड जवळून न्याहाळून तिने तशाच भिंती काढल्या होत्या, आणि त्यात चाळीस हिरवे, चमकणारे मणी. पण मणी नुसते स्वतःच चमकायचे, शेजारची भिंत काळीकुट्ट. अशा गेममध्ये उजेडाचं गणित मशीन आधीच करतं आणि तो उजेड भिंतींवर कायमचा रंगवून ठेवतं. त्याला ती ‘बेक करणं’ म्हणायची. एका बेकला चार तास लागायचे, आणि आमच्या लोडशेडिंगमध्ये दिवसाला एकच प्रयत्न पदरात पडायचा.

‘चमक वाढव,’ मी सांगितलं. तिने वाढवली. मणी पांढरेफटक पडले, भिंत होती तशीच. मंगळवार, बुधवार, गुरुवार असेच गेले.

‘सर, भित्तीवर उजेड कावून पडंना?’ तिचा आवाज रडवेला झाला होता.

‘मी आदीच सांगितलं हुतं,’ मी म्हणालो. ते वाक्य मला आजही बोचतं.

शुक्रवारी ती आली ती पदर खोचल्यासारखी. अप्पांच्या माळा तिने लहानपणापासून दुरुस्त केलेल्या. एक दिवा गेला की अख्खी माळ बंद, मग ती मधोमध धरून आधी एक अर्ध तपासायचं, मग दुसरं. तेच तिने इथे केलं. भुयार बाजूला ठेवून एक रिकामी खोली बनवली, त्यात एक नवा ठोकळा, ठोकळ्याला चमक. पाच मिनिटांत बेक झाला आणि भिंत हिरवी झाली. ठोकळ्याच्या जागी भुयारातला मणी ठेवला, तर अंधार.

‘म्हंजी खोट मण्यातच हाय,’ ती म्हणाली.

मग मण्याच्या अर्ध्या सेटिंग ठोकळ्यासारख्या केल्या. अंधारच. उरलेल्या अर्ध्या केल्या, उजेड पडला. त्यातल्या पुन्हा अर्ध्या. असं करत शेवटी एकच रिकामा चौकोन उरला. वस्तू स्थिर आहे, असं मशीनला सांगणारी खूण तिथे करायची असते.

तिने कपाळावर हात मारला आणि हसत सुटली. मणी जिवंत वाटावेत म्हणून तिने ते हळूहळू डोलते ठेवले होते. जी वस्तू हलते, तिचा उजेड भिंतीवर कायमचा रंगवणार कसा? मशीन मण्यांना गणितात धरतच नव्हतं. ते डोलणं तिचं फार लाडकं. मलाही आवडायचं, पण कधी तसं बोललो नव्हतो. तिने चाळीसही मण्यांचं डोलणं काढून टाकलं आणि एकेकावर खूण केली.

शनिवारी सकाळी नऊला बेक लावला. अकराला वीज गेली. बॅटरीवर मशीन दहाच मिनिटं तगणार होतं, तेवढ्यात क्लासच्या परीक्षांसाठी राखलेला जनरेटर मी सुरू केला. एक वाजता भुयार उजळलं. दगडा-दगडाच्या कडेला हिरवा उजेड, सांदीत मऊ सावल्या. मला इतका आनंद झाला की मी तिच्यासमोर कान पकडले.

पाच वाजता पुण्याहून उत्तर आलं, काम पक्कं, पुढची तीन भुयारं पाठवतो. वर्षाराणीने फोन करताच अप्पा दुकान बंद करून आले. पडद्याशी वाकून एकेका मण्यावर बोट ठेवत गेले.

‘लायटिंग लई झ्याक केलीस,’ ते म्हणाले. ‘आत जाता येतंय का?’

‘येतंय की, पन...’ तिने वर पाटीकडे पाहिलं.

मी स्टुलावर चढलो, पाटी उतरवली आणि कपाटामागे टाकली.

‘पहिला नंबर अप्पांचा,’ मी म्हणालो. ‘दुसरा माजा.’